आईच्या वाकळीचा हिशेब

शिकून नोकरीला लागलेली आपली पहिली पिढी गाव सोडून शहरात आली, तेव्हा तिने बरोबर काय आणले? एक पत्र्याची पेटी, बाबासाहेबांचा फोटो आणि अंगावर घ्यायला आईने शिवलेली एक वाकळ. पुढे बिऱ्हाडे चाळीतून वसाहतीत गेली, वसाहतीतून फ्लॅटमध्ये गेली. पेटी मोडीत निघाली. फोटो मोठा होऊन चांगल्या चौकटीत भिंतीवर आला. वाकळ मात्र गादीखाली गेली, आणि घरी पाहुणे येणार म्हटले की ती आणखी आत सरकू लागली. गरिबीची खूण म्हणून आपल्या घरांनी तिला दडवले. आता दुसरीकडे असे दिसते की, हीच वस्तू शहरातल्या मोठ्या दुकानांत 'हस्तकला' म्हणून टांगली जाते आणि चांगल्या किमतीला विकली जाते. आपण लाजून लपवावी आणि दुसऱ्याने दिमाखात मिरवावी, असे या वस्तूत आहे तरी काय, याचा विचार वाचक बंधुभगिनींनी आमच्याबरोबर करावा, एवढ्यासाठी हा लेख.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतात. इतर बऱ्याच भागांत गोधडी हे नाव चालते. तान्ह्या मुलासाठी शिवलेले लहान, मऊ ते दुपटे. नावे वेगळी, पण मूळ एकच. जुन्या कापडाचे थर एकावर एक ठेवायचे आणि हाताने धावदोरा घालून ते एकजीव करायचे.

पेटीतल्या सात वाकळी

गेल्या वैशाखात बुद्धपौर्णिमेला जोडून रजा घेतली आणि आम्ही उभयता मुलांसह सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या आमच्या गावी गेलो. आई पंच्याहत्तरीला आली आहे. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. धाकट्या भावाच्या मुलीचे लग्न ठरल्यामुळे घरात देण्याघेण्याची बोलणी चालू होती. त्याच निमित्ताने आईने लोखंडी पेटी उघडली. आत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून सात वाकळी नीट घडी करून ठेवल्या होत्या. आमच्या मुलीने एकेक काढून अंगणातल्या बाजेवर पसरली आणि सगळे घर भोवती जमले.

आई म्हणाली, "ह्ये काय बगतासा? जुनं-पानं हाय समदं." पण प्रत्येक वाकळीवर हात फिरवताना ती थांबत होती. ही हिरवी इरकल काठाची आजीच्या लुगड्याची. ही धाकट्या आत्याच्या लग्नातल्या पातळाची. ह्या लहान लहान चौकोनांत आमचे शाळेतले पांढरे सदरे आणि खाक्या चड्ड्या आहेत, हे तिने दाखवले तेव्हा मुले हसून लोळली. आणि जी सर्वांत जड, तिच्या पोटात आमच्या दादांचे, म्हणजे वडिलांचे, गिरणीत घालायचे कपडे आहेत. वरून काही दिसत नाही. वर साधे निळे लुगडे आहे. आई म्हणाली, "आतनं त्येंची कापडं हायती. वर लावली असती तर इरली असती."

आमच्या सहचारिणीने विचारले, "आत्या, यातली एक नातीबरोबर द्यायची का?" आईचे तोंड उजळले. तेवढ्यात नात्यातले एक गृहस्थ बोलून गेले, "छे, छे. सासरी वाकळ पाठवली तर लोक काय म्हणतील? चांगली दोन ब्लँकेटे घेऊन टाकू." आई काही बोलली नाही. बाजेवरची वाकळ तिने उचलली, घडी केली आणि पुन्हा पेटीत ठेवली.

त्या गृहस्थांना दोष देण्यात अर्थ नाही. गरिबीत वाढलेल्या माणसाला गरिबीची प्रत्येक खूण बोचते. पण ती घडी आमच्या मनातून गेली नाही. पुढचे तीन दिवस आम्ही आईजवळ बसून वाकळीची सारी माहिती विचारून घेतली. ती येथे देत आहोत.

वाकळ कशी होते

वाकळ हे उन्हाळ्यातले काम. सुगी संपलेली असते, पावसाला अवकाश असतो आणि उन्हात कापड खडखडीत वाळते. आधी वर्षभर साठवलेले जुने कपडे धुवायचे. मग गुंड्या, शिवणी, जाड पट्ट्या काढून टाकायच्या. विरलेला भाग वेगळा आणि जीव असलेला भाग वेगळा करायचा. जीव असलेले कापड वरच्या आणि खालच्या अंगाला लागते. विरलेले मधल्या थरांत जाते. नऊवारी लुगड्याची लांबी मोठी असल्याने एकाच लुगड्यात दोन्ही अंगे निघतात. मधे धोतर, सदरे, चादरी असे चार-पाच थर येतात. थर जास्त झाले तर ऊब वाढते, पण सुई जात नाही आणि धुताना वाकळ उचलत नाही.

जमीन सारवून, वाळवून तिच्यावर हे थर पसरतात. एकही सुरकुती राहू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवतात. मग लांब लांब टाके घालून सगळे थर टाचून घेतात. यानंतर खरे शिवण सुरू होते. आई एका कोपऱ्यापासून कडेकडेने सुरुवात करते आणि चारी बाजूंनी फिरत फिरत आत मध्याकडे येते. म्हणून तिच्या वाकळीवर एकात एक बसलेले चौकोन दिसतात. पदराचा भाग ती नेहमी एकाच टोकाला ठेवते, म्हणजे अंधारातसुद्धा डोक्याची बाजू कोणती आणि पायाची कोणती हे हाताला कळते. पायाची बाजू तोंडावर येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

सुई मोठ्या नेढ्याची, दोरा सुती. अंगुस्तान तिने कधी वापरले नाही. बोटाला चिंधी गुंडाळते. आता नेढे दिसत नाही, म्हणून सकाळीच नात दहा-बारा सुया ओवून एका कापडात टोचून ठेवते आणि मग शाळेला जाते. शेजारच्या काही बायका वाकळीचे शेवटचे तोंड बंद करताना आत धान्याचे चार दाणे टाकतात. वाकळीचे पोट रिकामे ठेवू नये, असे त्या म्हणतात. आईला हे पटत नाही. ती म्हणते, "पोटात घालायचं धान्य चिंध्यात कशाला?"

वाकळ मेली असे होत नाही. वरचे कापड फाटले की त्यावर नवे लुगडे घालून पुन्हा शिवतात. जुनी वाकळ अशा रीतीने नव्या वाकळीचे पोट होते. अगदीच विरली की बैठकीला, मग दाराशी पाय पुसायला आणि शेवटी तिचे पोतेरे होऊन ती जमीन सारवते.

कापडाने सोसलेले

आपल्या लोकांचा आणि कापडाचा संबंध साधा नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रे वापरावीत असा नियम लिहिलेला आहे. गावगाड्यात मृताच्या अंगावरचे कापड घेणे हा महारकीचा 'हक्क' मानला जाई. म्हणजे अपमानालाच हक्काचे नाव दिले होते. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळण्यात आली. त्याच महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना कपड्यांविषयी सांगितले. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जात ओळखू येईल असे जाड दागिने टाका, स्वच्छ राहा. कपडा ही बाबासाहेबांच्या दृष्टीने किरकोळ बाब नव्हती. माणसाला पाहताक्षणी खालचा ठरवण्याचे ते एक साधन होते, आणि ते साधन मोडायचे होते.

मुंबईच्या कापड गिरण्यांतही तीच गोष्ट. आमचे आजोबा गिरणीत रिंगखात्यात होते. त्या काळी अस्पृश्य कामगाराला विणाईच्या म्हणजे साचेखात्यात घेत नसत. साचेखात्यात पगार जास्त. पण तेथे धोट्याच्या भोकातून दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि सर्व खात्यांत काम मिळण्याचा हक्क मागितला. सूत काढायला आपले हात चालत होते. त्या सुताचे कापड विणायला चालत नव्हते.

दादा पुढे त्याच धंद्यात गेले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि आमच्यासारख्या हजारो घरांप्रमाणे आमचेही बिऱ्हाड गावी परत आले. दादांची गिरणीची कपड्यांची जोडी त्यानंतर कामाला कधी लागली नाही. ते गेल्यावर आईने ती वाकळीत घातली. ज्या घरातील एका पिढीला कापड विणू दिले नाही, त्या घरात एका बाईने चिंध्यांतून स्वतःच्या हाताने सहा-साडेसहा फुटांचे कापड उभे केले. आम्हाला हे लहान काम वाटत नाही.

चीवर आणि चिंधी

आता आपल्या धम्माकडे पाहू. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध राजगृहाहून दक्षिणगिरीकडे जात असताना त्यांना मगधातील भाताची शेते दिसली. चौकोनी वाफे, मधे बांध, एकमेकांना छेदणाऱ्या सरळ रेषा. त्यांनी आनंदाला विचारले, भिक्खूंसाठी अशा आकृतीची चीवरे तुला करता येतील का? आनंदाने कापडाचे तुकडे जोडून तसे चीवर करून दाखवले आणि बुद्धांनी त्याची प्रशंसा केली. आज जगभरच्या भिक्खूंच्या चीवरात जे तुकडे जोडलेले दिसतात, त्यांचे मूळ हे आहे.

चुल्लवग्गात दुसरा प्रसंग येतो. तो महापरिनिर्वाणानंतरचा. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली, हा श्रमण एवढ्या वस्त्रांचे करणार काय? आनंदाने सांगितले की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावर घालायची वस्त्रे करू. ती जुनी झाली की गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणी, मग धूळ झटकायचे फडके, आणि शेवटी चिंध्या मातीत मळून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी वस्त्रे दिली. आमच्या आईने चुल्लवग्ग वाचलेला नाही. पण वाकळ ते पोतेरे हा तिचा क्रम आणि आनंदाचा क्रम सारखाच आहे.

वाचकांच्या मनात येथे एक प्रश्न यावा. मनूनेही फाटके कापड सांगितले आणि भिक्खूही टाकून दिलेल्या चिंध्यांचे चीवर नेसत. मग फरक काय? फरक एवढाच की, एकाने ते दुसऱ्यावर लादले आणि दुसऱ्याने ते स्वतः निवडले. भिक्खूने निवडलेली चिंधी त्याचा मान वाढवते. जन्मावरून गळ्यात घातलेली चिंधी माणूसपण हिरावून घेते. गाडगेबाबा आयुष्यभर चिंध्या पांघरून हिंडले. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. पण पंढरपूरची आपली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली, ती मुलांच्या शिक्षणासाठी. स्वतः चिंध्या घालणाऱ्या बाबांनी दुसऱ्यांच्या मुलांना चिंध्यांत ठेवण्याचा उपदेश कधी केला नाही. वाकळीकडे पाहताना हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

शंभर तास

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पेशाने कारकून. हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. मुलांच्या पट्टीने आम्ही एक वाकळ मोजली. लांबी २०० सेंटिमीटर, रुंदी १४० सेंटिमीटर. दोन ओळींत अंतर एक सेंटिमीटर. म्हणजे शिवणीची एकूण लांबी भरली २८० मीटर. एका सेंटिमीटरला एक टाका धरला तर २८ हजार टाके. आईला आकडा सांगितला तेव्हा ती हसून म्हणाली, "येवढं? आदी मोजलं असतं तर शिवलंच नसतं."

सकाळचे दोन आणि दुपारचे दोन असे चार तास ती रोज बसते. एका वाकळीला पंचवीस दिवस लागतात. म्हणजे १०० तास, आठ तासांच्या दिवसाने साडेबारा दिवस. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दराने आईची मजुरी होते ३,७१२ रुपये ५० पैसे. हा दर खडी-माती उचलणाऱ्या अकुशल कामाचा आहे. आईचे काम कुशल आहे, हे येथे धरलेलेच नाही. कपडे धुणे, उसवणे, निवडणे हेही धरलेले नाही. दोऱ्याचे शंभर-सव्वाशे रुपये वेगळेच.

आता दुसरी बाजू पाहा. गेल्या वर्षी गावात एक व्यापारी फिरत होता. जुन्या वाकळीला तीनशे आणि नव्या वाकळीला सातशे रुपये देत होता. गरजू बायकांनी दिल्या. नव्या वाकळीच्या सातशेतून दोरा वजा केला तर १०० तासांचे सहाशेही उरत नाहीत, तासाला सहा रुपये पडत नाहीत. तो आमच्या घरीही आला होता. आईने जड वाकळ पुढे ठेवली आणि विचारले, "हितं ह्येंचा सदरा हाय. त्येचं किती धरलंस?" व्यापाऱ्याकडे याचे उत्तर नव्हते. तो पुढच्या घरी गेला.

घरातल्या बाईचे काम हे काम नव्हेच, असे मानण्याची खोड समाजाला आहे. आपली घरेही तिला अपवाद नाहीत. स्वयंपाक, पाणी, सरपण, शिवण या कशाचीच नोंद कोणत्या वहीत होत नाही. वाकळीचा एक मोठा गुण असा की, ती नोंद कापडावरच राहते. २८ हजार टाके कोणालाही दिसतात, मोजता येतात. भाकरी खाल्ली की संपते. वाकळ तीस वर्षे पुरावा देते.

सातासमुद्रापलीकडच्या वाकळी

ही विद्या आपल्यापुरती नाही. बंगालमध्ये कांथा, बिहारात सुजनी, कर्नाटकात कवुदी, सारी त्याच जातीची. उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया फार सुंदर, रंगीत कवंडी शिवतात. हे सिद्दी आफ्रिकेतून आणल्या गेलेल्या लोकांचे वंशज. आणि आफ्रिकेतूनच गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या लोकांचे वंशज अलाबामा राज्यात जीज बेंड नावाच्या खेड्यात राहतात. तेथील स्त्रियांच्या गोधड्यांची हकीकत आपण मुद्दाम ऐकावी. कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये त्यांचे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिले होते आणि १९७२ साली दलित पँथरने आपले नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले.

जीज बेंड नदीच्या वळणात अडकलेले खेडे. शेतात मजुरी करणाऱ्या या स्त्रिया नवऱ्यांच्या फाटलेल्या कामाच्या कपड्यांतून थंडीसाठी गोधड्या शिवत. १९४२ मध्ये एका बाईने वारलेल्या नवऱ्याच्या कपड्यांची शिवलेली गोधडी आज प्रसिद्ध आहे. साठच्या दशकात हे लोक मतदार म्हणून नाव नोंदवू लागले, तेव्हा १९६२ साली नदीवरची नावच बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ उजाडले. फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग त्या गावी आले होते. १९६६ मध्ये त्या भागातल्या स्त्रियांनी गोधड्या विकण्यासाठी सहकारी संस्था काढली. २००२ मध्ये त्यांच्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि पुढे न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात लागल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेने त्यांच्यावर दहा टपाल तिकिटे काढली.

पण गोष्ट येथे संपत नाही. २००७ साली त्यांतल्या काही स्त्रिया मोबदल्याच्या प्रश्नावर न्यायालयात गेल्या आणि पुढच्या वर्षी ती प्रकरणे तडजोडीने मिटली. कौतुक भरपूर झाले, तरी हिशेबाचा प्रश्न उरतोच, एवढे आपण यावरून शिकावे.

आता करायचे काय?

कोणी म्हणेल, मग पुन्हा घरोघर वाकळी शिवायला बसायचे काय? मुळीच नाही. आईने वाकळी हौसेने कमी आणि गरजेने जास्त शिवल्या. विकतचे पांघरूण घ्यायला पैसा नव्हता. तिच्या नातीने परिचर्येची पदवी घेतली आहे. तिने रात्रपाळीहून येऊन वाकळ शिवावी असे आम्ही म्हणणार नाही. गरिबीचे गोडवे गाणे हा आपला मार्ग नाही. आणि जुने सुती लुगडेही आता मिळत नाही. पॉलिस्टरच्या साडीत टाका घसरतो, घाम शोषला जात नाही आणि चुलीची ठिणगी पडली तर ती वितळून अंगाला चिकटते. अशा साड्यांच्या वाकळी लहान मुलांच्या अंगावर घालताना काळजी घ्यावी.

पण गरिबीची लाज वेगळी आणि श्रमाची लाज वेगळी. पहिलीसुद्धा आपण बाळगण्याचे कारण नाही, कारण ती गरिबी आपण निर्माण केलेली नव्हती. दुसरी तर मुळीच बाळगू नये. ज्या हातांनी २८ हजार टाके घातले ते हात कसबी आहेत. म्हणून आमच्या काही सूचना आहेत.

एक, घरात जुनी वाकळ असेल तर ती बाहेर काढावी, उन्हात घालावी आणि तिच्यात कोणाचे कापड आहे हे शिवणारीकडून विचारून लिहून ठेवावे. ती माणसे आहेत तोवरच हे कळेल. दोन, वाकळीच्या कोपऱ्यात शिवणारीचे नाव आणि साल टाक्यांनी घालावे. तीन, विकायचीच असेल तर एकटीने विकू नये. बचत गटात किंवा महिला मंडळात बसून तास मोजावेत आणि सगळ्यांनी मिळून दर ठरवावा. चार, ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या जयंतीला विहारात व्याख्यानाबरोबर परिसरातल्या वाकळींचे प्रदर्शन भरवावे, प्रत्येकीखाली शिवणारीचे नाव लावावे आणि तिला व्यासपीठावर बसवावे. पाच, सुई ही फक्त मुलींच्या हातची वस्तू नाही. भगवंतांनी चीवराचे काम आनंदाला सांगितले होते. तेव्हा मुलांनीही शिकावे.

लग्नाच्या वाकळीचे काय झाले, हे वाचक विचारतील. नातीनेच तो प्रश्न सोडवला. ब्लँकेटे घेऊ नका, असे तिने वडिलांना स्पष्ट सांगितले आणि आजीकडे ती इरकल काठाची वाकळ मागितली. मागताना अट घातली की आजीने कोपऱ्यात आपले नाव घालावे. आईला फक्त सही करता येते, तीही प्रौढ साक्षरता वर्गात शिकलेली. नातीने पेन्सिलीने अक्षरे काढून दिली आणि आईने लाल दोऱ्याने ती भरली. एक काना थोडा वाकडा गेला आहे. तो तसाच ठेवला आहे.

वाचकहो, आपल्याही घरात अशी एखादी वाकळ असेल आणि ती शिवणारी अजून असेल, तर या रविवारी तिच्याजवळ तासभर बसावे. जयभीम!